तिसऱ्या दिवसाची बरणी

१

"जगात असा एकही गुन्हा नाही, जो आपला माग ठेवून जात नाही. आणि या रेवुपालेममध्ये असा एकही माग नाही, जो माझ्या नजरेतून सुटतो!" वेमूरी दक्षिणामूर्ती मास्तरांनी कालव्याच्या पुलावर उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा ते अनवाणी होते.

गावाच्या समजुतीप्रमाणे मास्तरांनी व्रत धरलं होतं. लोक त्यांना आदराने 'स्वामी' म्हणू लागले होते, वाटेत भेटलं की वाकून नमस्कार करत होते. खरी गोष्ट फक्त त्यांच्या पत्नीला, शेषारत्नमना ठाऊक होती. शनिवारी वेणुगोपालस्वामींच्या देवळाबाहेरून मास्तरांच्या चपला गेल्या होत्या. चांगल्या तपकिरी चामड्याच्या चपला, डाव्या पायाचा अंगठा मास्तरांनी स्वतः माशांच्या जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने शिवलेला. गणेशचतुर्थीच्या लाडवांची चोरी उघडकीस आणून भटजींच्या शेळीला रंगेहाथ पकडणाऱ्या माणसाच्या चपला चोरीला जाव्यात, ही गोष्ट गावाला सांगण्यासारखी नव्हती.

देवळाबाहेर शेवटी एकच जोड उरला होता. जुना, झिजलेला, मास्तरांच्या पायाला जरा आखूड. मास्तरांनी तो बराच वेळ निरखला आणि तिथेच ठेवला.

"इतका ढोबळ पुरावा खरा चोर कधी मागे ठेवत नाही," ते घरी येऊन म्हणाले. "आपल्याला चुकीच्या दिशेला न्यायला ठेवलाय तो."

"दिशा कुठलीही असो," शेषारत्नम म्हणाल्या, "निदान पायांत घालून तरी यायचं."

तर सोमवारी भर दुपारी मास्तर पुलाच्या कठड्यावर नारळाच्या सावलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघत होते. उन्हाळ्यात कालवा दुरुस्तीसाठी बंद असतो, त्यामुळे पुलाखाली पाण्याच्या जागी चिन्नाराव क्रिकेट चषकाचा उपांत्य सामना चालला होता. कर्ण्यावरून स्वतः चिन्नाराव ओरडत होता. रस्त्यावर वर्दळ होती ती बरण्यांची, कारण त्या दिवशी सगळं गाव आवकाय, म्हणजे कैरीचं वर्षभराचं लोणचं, घालत होतं. रविवारच्या बाजारात कैरी उतरली की सोमवारी घरोघरी मोहरीची पूड, तिखट आणि तिळाचं तेल यांचा वास सुटतो. मग याची बरणी त्याच्याकडे, त्याची तिच्याकडे अशी दिवसभर ने-आण चालते.

आणि अशातच पुलापलीकडच्या कालव्याच्या दरवाजाकडून अब्बुलूची हाक आली.

"स्वामी! धावा! हँडल गेलं!"

२

अब्बुलू म्हणजे कालव्याचा लस्कर. दरवाजा उघडायचा, बंद करायचा, पाण्याची पातळी बघायची, हे त्याचं काम. सोळा वर्षं तो ते रोजंदारीवर करत होता आणि या पावसाळ्यात कायम व्हायचा होता. दरवाजा गोऱ्या साहेबाच्या काळातला. तो फिरवायचं हँडल म्हणजे हातभर लांबीचं, काटकोनात वाकवलेलं लोखंड, टोकाला चौकोनी खोबण. ती अशा विचित्र मापाची की सगळ्या डेल्ट्यात दुसरं कुठलंही हँडल त्या दरवाजाला लागत नाही. ते अब्बुलूच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असे.

"जेवलो, आणि शिरीषाखाली जरा पाठ टेकली," अब्बुलू रडवेला होऊन सांगत होता. "उठून बघतो तर खुंटी रिकामी. स्वामी, माझं काय होणार हो?"

काय होणार ते थोड्याच वेळात स्कूटरवरून आलं. कालवा खात्याच्या तरुण इंजिनियर कोल्ली प्रत्यूषा. त्यांनी हेल्मेट काढलं, रिकामी खुंटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"यंदा पाणी आठवडाभर आधी सोडतायत, कालच दवंडी दिलीय ना? गुरुवारी सकाळी ते या दरवाजाशी येणार. दरवाजा उघडला नाही तर वर बांध फुटेल आणि खाली सगळ्यांची भाताची रोपं वाळतील. अब्बुलू, तोवर हँडल आलं नाही तर मला तुला काढावं लागेल. माझ्या हातात नाही. आणि मला ते मुळीच आवडणार नाही, कारण या कालव्यावर चहा करता येणारा तू एकटाच आहेस."

अब्बुलूने खाली बसून डोक्याला हात लावले. या क्षणी मास्तरांनी पुलावर चढून गुन्ह्यांविषयीचं ते वाक्य उच्चारलं, आणि गावाने आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्ही पुलावरच होतात ना?" प्रत्यूषांनी विचारलं. "दरवाजाकडून गावात यायचा रस्ता तो एकच. कोण गेलं?"

मास्तरांनी डोळे मिटले. दुपारभर पाहिलेले सगळे पाय त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. भेगा पडलेले, मेंदी लावलेले, एका बोटात तीन जोडवी घातलेले.

"सगळं गाव गेलं," ते म्हणाले. "पण हातभर लोखंड घेऊन कुणीही गेलं नाही. बरण्यांशिवाय या रस्त्यावरून काहीही गेलेलं नाही."

"मग हँडल गेलं कुठे?"

मास्तर उत्तर देणार तोच त्यांच्या पायाला पुलाचा डांबराचा भाग लागला. ते जे काही बोलले त्याचा तपासाशी संबंध नव्हता.

३

"प्रश्न एकच," रात्री दहीभातावर मास्तर म्हणाले. "हँडल विकून काही मिळायचं नाही. म्हणजे चोराला लोखंड नको होतं, कालवा कोरडा हवा होता. आठवडा आधी पाणी आल्याने कुणाचं नुकसान?"

"वीर्राजूच्या विटा, चिन्नारावचा चषक," शेषारत्नम म्हणाल्या. "लोणचं वाढू?"

"आजचं?"

"आजचं आवकाय अजून मुरायचंय. बरणी तिसऱ्या दिवशी उघडायची, हे चाळीस वर्षं सांगतेय."

मंगळवारी सकाळी मास्तर निघाले. अब्बुलूही मागोमाग आला, कारण दरवाजाजवळ एकटं बसवत नव्हतं. चालताना त्याचे पाय फरफटत होते, फटक, फटक. मास्तरांनी मान वळवून पाहिलं. 'मनावर ओझं असलेला माणूस असाच चालतो,' त्यांनी मनाशी नोंद केली. अब्बुलूच्या डाव्या अंगठ्यापाशी काहीतरी हिरवं दिसलं. 'शेवाळ. म्हणजे हा कालव्यात उतरून शोधून आला. प्रामाणिक आहे बिचारा.'

गंटा वीर्राजू कालव्याच्या तळाशी उभा राहून मजुरांवर ओरडत होता. तिथल्या गाळाच्या विटा पाडून तो तिथेच वाळवतो. त्या भिजल्या की पुन्हा गाळ.

"या या, स्वामी! मला पकडायला आलात ना? पकडा. पण आधी हे टोक धरा जरा, विटा पडतायत."

मास्तरांनी फळीचं टोक धरलं. "वीर्राजू, पाणी थांबलं तर सगळ्यात जास्त फायदा कुणाचा?"

"माझा. लपवतोय कुठे? पण मास्तर, मी हँडल चोरलं असतं तर आज घरात पाय पसरून झोपलो नसतो का? हे बघा, कालपासून सोळा माणसं लावून विटा वर काढतोय. चोरी करून वर हमालीही करायची, एवढा मूर्ख मी नाही. तुम्हीच शाळेत शिकवलंत मला."

मास्तरांना तो कुठल्या वर्गात होता ते आठवलं आणि हा शेवटचा मुद्दा त्यांनी पुरावा म्हणून धरला नाही. पहिला मात्र पक्का होता. विटा खरोखरच अर्ध्याहून अधिक वर गेल्या होत्या.

चिन्नाराव खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारत होता. त्याचा अंतिम सामना रविवारी ठरलेला.

"बाबाय," तो काकांना हाक मारावी तसं म्हणाला, "सरळ विचारा, तू चोर का?"

"सोमवारी दुपारी तू कुठे होतास?"

चिन्नाराव दुखावला. "कुठे होतास? अहो, दुपारभर कर्ण्यावर मी बोलत होतो! अख्ख्या गावाने ऐकलं. पेद्दापुरम संघाच्या सलामीवीराला मी नऊ वेळा बदक म्हणालो."

हे खरं होतं. मास्तरांनीच ऐकलं होतं, आणि नवव्या वेळेला कंटाळून कान झाकले होते. इतक्या मोठ्या आवाजात हजर असलेल्या माणसाला चोर ठरवणं तर्काला धरून नव्हतं.

"पाणी आलं तर सामन्याचं काय?"

"उद्याच उरकतो. नाहीतर बोटीतून खेळू," चिन्नाराव म्हणाला आणि पुढची रेघ वाकडी मारली.

परतताना अब्बुलू हळूच म्हणाला, "स्वामी, हे दोघंही नाहीत. मग आता उरलं कोण?"

 मास्तरांनी एक लांब हुंकार दिला, जो अब्बुलूने घरी जाऊन बायकोला फार आशादायक असल्याचं सांगितलं.

४

बुधवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मास्तरांनी कालव्याकाठची घरं एकेक करून पालथी घातली. त्या दिवसाची निवड केवळ तपासाच्या दृष्टीने होती, असं ते शेषारत्नमना म्हणाले. 

तिसऱ्या दिवशी घराघरांत बरण्यांची फडकी सुटतात. आवकाय परातीत काढून खालीवर कालवतात, वरून तेल घालतात, पुन्हा भरतात. मग त्या लाल झालेल्या परातीत वाफाळता भात आणि तूप टाकून कालवायचा आणि जो दारात येईल त्याच्या हातावर घास ठेवायचा. कुणी कितीही कंजूष असो, त्या दिवशी घास नाकारत नाही.

वीर्राजूच्या घरी मास्तरांना दोन घास मिळाले. तिखट जास्त, बाईचा स्वभावही तसाच. चिन्नारावच्या आईने तीन दिले आणि मुलाच्या निर्दोषपणाबद्दल चौथा. पोस्टमनच्या घरी मीठ कमी होतं. प्रत्येक परसात कोयींतून काढलेल्या बियांचे ढीग पडलेले आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या. दुपारपर्यंत मास्तरांचे कान लाल झाले होते, नाक वाहत होतं. तपासात मात्र काहीच हाती आलं नव्हतं.

शेवटचं घर त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. मंगतायारम्मांचं. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी असते ती टेकण्यासाठी नाही. त्यांचं आवकाय हे रेवुपालेमचं माप होतं. 'तायारम्मांच्यासारखं झालंय,' असं कुणी म्हटलं की त्या घरातली बाई महिनाभर जमिनीला पाय लावत नसे. आणि सोवळं असं की आवकायच्या दिवसात त्यांच्या सावलीलाही धक्का लागता कामा नये. सोमवारीच त्या बरणी मांडीवर घेऊन रिक्षाने पुलावरून गावात आल्या, तेव्हा मास्तर मदतीला पुढे झाले होते. "हात लावू नकोस मूर्ती! सोवळ्यातली आहे!" असा आवाज आला की रिक्षावाल्यानेही हँडलवरचे हात क्षणभर उचलले.

"ये मूर्ती. ऐकलं तू व्रत धरलंस. बुद्धी आली म्हणायची."

ओसरी सारवलेली. परस आरशासारखं लख्ख. एक माशी दिसेल तर शपथ. 'याला म्हणतात स्वच्छता,' मास्तरांच्या मनात आलं. परसामागच्या घाटाखाली कोरड्या कालव्यात दोन मजुरणी तांदळाच्या चाळणीने गाळ चाळत होत्या.

"हे काय करवताय, तायारम्मागारू?" मास्तरांनी आदराचं 'गारू' लावून विचारलं.

"नारळांना गाळ घालतेय. दरसाल घालते."

'गाळसुद्धा चाळून घालतात!' मास्तरांचा आदर वाढला. स्वयंपाकघराच्या दारातून फळीवरची मोठी बरणी दिसत होती, तोंडावर पांढरं फडकं ताणून बांधलेलं. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"नात कशी आहे? श्रावणात लग्न ना?"

"हं. लग्नात तिला माझी नाकातली हिऱ्याची चमकी द्यायची आहे. आमच्यात थोरल्या नातीला आजीची चमकी जाते. माझ्या आजीची मला आली." त्या थांबल्या. "लॉकरमध्ये आहे."

मास्तर थोडे आणखी बसले. मुद्दाम खोकले. "उन्हाने भूक फार लागते नाही हल्ली," असं म्हणून पाहिलं. तायारम्मा उठल्या, आत गेल्या. मास्तरांनी उजवा हात धोतराला पुसून तयार ठेवला.

तायारम्मा बाहेर आल्या आणि त्यांनी मास्तरांसमोर कॉफीचा पेला ठेवला.

५

"कॉफी!" मास्तर घरी येऊन ओसरीवर धपकन बसले. "तिसऱ्या दिवशी, तायारम्मांच्या घरी, मला कॉफी! असा काय अपराध केलाय मी?"

"मिळाला नसेल घास. त्यात एवढं काय?"

"एवढं काय? सगळ्या घरांनी दिला! पोस्टमनने दिला! मी गावचा तपास करतोय आणि ती बाई मला कॉफी देते. बरणी समोर, फडकं तसंच्या तसं बांधलेलं, आणि..."

"तसंच्या तसं?" शेषारत्नमनी हातातलं सूप खाली ठेवलं. "दुपारपर्यंत सोडलं नव्हतं? अहो, तिसऱ्या दिवशी सूर्याआधी उठून कालवते ती. सून म्हणून या गावात मी पाऊल ठेवल्यापासून ती मला हेच ऐकवतेय. तायारम्मा बरणी कालवायला विसरली? उद्या म्हणाल कालव्याला पाणी वर चढतंय."

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. मग हळूहळू मिटलं.

"शेषा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आपल्या परसात माश्या आहेत?"

"आहेत. बिया मी अजून टाकल्या नाहीत, टाका म्हणून तुम्हाला तीन दिवस सांगतेय."

"तिच्या परसात एकही नव्हती. मला वाटलं स्वच्छता. स्वच्छता नव्हे! बिया नव्हत्या. कैरी चिरलीच नव्हती. यंदा त्या घरात आवकाय घातलंच नाही."

"मग बरणीत काय आहे?"

मास्तर उभे राहिले. "सोमवारी या गावात लोखंड घेऊन जायला एकच जागा होती. कुणी आत बघणार नाही, कुणी हात लावणार नाही, आणि जी दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेली तरी कुणाला दिसली नाही. मी तर मदतीला पुढे गेलो होतो!"

"पण का? तिला कालवा कोरडा कशाला हवा?"

"गाळ नारळाला घालायचा असेल तर तो तांदळाच्या चाळणीने कोण चाळतं?" मास्तर म्हणाले. "ती खत काढत नाहीये शेषा, काहीतरी शोधतेय. बारीक. आणि ते काय आहे, हे तिने स्वतःच मला सांगितलं."

शेषारत्नमचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला.

"उद्या पुलावर सगळा गाव जमेल," मास्तरांचे डोळे चमकले. "इंजिनियर मॅडम, वीर्राजू, चिन्नारावचा कर्णा. तिथे मी एकेक मुद्दा उलगडत जाईन, आणि शेवटी असं बोट दाखवीन..."

"दाखवा," शेषारत्नम म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईकडे. कर्ण्यावरून. श्रावणात जिच्या नातीचं लग्न आहे."

मास्तरांचं उचललेलं बोट हवेत तसंच राहिलं. असं बोट दाखवायची वाट ते निवृत्तीपासून बघत होते.

६

गुरुवारी सकाळी पाणी वरच्या गावाला पोचल्याची बातमी आली. पुलावर गर्दी झाली. अब्बुलू दरवाजाच्या चाकाला कपाळ टेकून बसला होता आणि प्रत्यूषा बाई घड्याळ बघत होत्या.

त्याच वेळी मास्तर आणि शेषारत्नम तायारम्मांच्या ओसरीवर उभे होते. मास्तरांच्या हातात केळीचं पान होतं, पानावर वाफाळता भात, त्यावर तुपाची धार.

"तायारम्मागारू, काल राहिलं. एक घास आवकायचा द्या."

तायारम्मांनी पानाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. जेवण मागणाऱ्याला नाही म्हणायचं या घराला ठाऊक नव्हतं, आणि मास्तरांना हे ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"कधी कळलं तुला?" त्या म्हणाल्या.

"कॉफी दिलीत तेव्हा."

"तरी म्हटलं, घास घेतल्याशिवाय उठणारा तू नव्हेस." त्या खाली बसल्या. काठी बाजूला ठेवली. "लॉकरमध्ये नाही रे ती. बेचाळीस वर्षं झाली. याच घाटावर आमच्या यांच्याशी भांडण झालं. मला म्हणाले, तुझ्या माहेरचा हिरा म्हणजे काच. मी नाकातून काढली आणि दिली फेकून. म्हटलं, काच तर काच! हे त्याच पाण्यात उडी मारून शोधत बसले रात्रीपर्यंत, आणि मी काठावरून बोलतच होते. गेले बिचारे, पण कुणाला सांगितलं नाही त्यांनी. तेव्हापासून दर उन्हाळ्यात शोधते. यंदा खात्याने गाळ खोल काढला, म्हटलं आता मिळेल. आणि हे मेले आठवडा आधी पाणी सोडतात!"

"अब्बुलूला काढून टाकतायत, पेद्दम्मा," शेषारत्नम थोरल्या मावशीला म्हणावं तसं हळू म्हणाल्या.

तायारम्मांचा चेहरा बदलला. "काढून? अब्बुलूला? चार दिवस पाणी थांबेल एवढंच मला... त्याला कोण काढतो? माझ्या बरण्या फळीवर तोच चढवतो दरसाल!"

त्या उठल्या, तरातरा आत गेल्या. बरणीचं फडकं सुटलं. आतून ठण्ण असा आवाज आला, जो आजवर कुठल्याही आवकायने काढला नसेल.

"चल. सांगते सगळ्यांना. कर्णा आण म्हणावं त्या चिन्नारावला."

आता मास्तरांच्या आयुष्यातला सोन्याचा क्षण त्यांच्यासमोर स्वतःच्या पायांनी चालत निघाला होता. त्यांनी हातातलं पान ओसरीवर ठेवलं आणि म्हणाले,

"थांबा. हळद आहे का घरात?"

पुलावरच्या लोकांनी पाहिलं ते असं. पुढे मास्तर अनवाणी, त्यांच्यामागे काठी घेऊन तायारम्मा आणि शेषारत्नमच्या हातात पितळी ताट. ताटात हँडल. हळदीने माखलेलं, कुंकवाची बोटं ओढलेलं, वर झेंडूचा हार. बाजूला गंगम्मेसाठी, म्हणजे पाण्याच्या देवीसाठी, नवी साडी.

"कालव्याच्या हँडलाची तीन दिवस पूजा करून मग दरवाजा उघडायचा, ही इथली जुनी रीत," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आपण लोक विसरलो. तायारम्मागारू विसरल्या नाहीत. अब्बुलू झोपला होता म्हणून उठवलं नाही, एवढंच."

लोकांनी हारातल्या हँडलाकडे पाहिलं. मग प्रत्यूषा बाईंनी हात जोडले. मागोमाग सगळ्यांनी. वीर्राजू शेजाऱ्याला सांगू लागला की त्याच्या आजोबांच्या काळी ही पूजा पाच दिवस चाले, आणि चिन्नारावने कर्ण्यावरून जयजयकार सुरू केला. अब्बुलूने हँडल ताटातून उचललं, कपाळाला लावलं, दरवाजाला बसवलं आणि फिरवलं. दरवाजा कण्हत वर गेला. पाणी आलं. आधी फेस, काटक्या आणि चिन्नारावचे हरवलेले चेंडू, मग तांबूस, भरदार, उड्या मारत. बायकांनी हळदकुंकू टाकलं.

तायारम्मांनी साडी पाण्यात सोडली. रीतीप्रमाणे गंगम्मेला साडीबरोबर नाकातली चमकीही द्यायची असते.

"चमकी आधीच देऊन बसलेय," त्या मास्तरांच्या कानाशी म्हणाल्या. "साडी तेवढी राहिली होती. नातीला सांगेन, गंगम्मेला वाहिली. खोटं नाही ना? तारीख तेवढी सांगणार नाही." आणि मोठ्याने हसल्या. "काच म्हणे! बघ कशी चमकतेय!"

पाणी खरंच उन्हात चमकत होतं.

गर्दी पांगली. मास्तर कठड्यावर बसून राहिले. रेवुपालेमच्या इतिहासातलं सगळ्यात अवघड प्रकरण त्यांनी सोडवलं होतं आणि ते सांगण्यासारखं कुणीच नव्हतं. तरी मन कसं भरून आलं होतं. माश्या, चाळणी, फडकं. एक खूण सुटली नाही नजरेतून. एकही नाही.

फटक, फटक असा आवाज करत अब्बुलू जवळ आला. त्याचे डोळे ओले होते.

"स्वामी, मला कळतं सगळं. पूजेबिजेची रीत मी सोळा वर्षांत पाहिली नाही. कसं शोधलंत ते विचारत नाही, पण तुमच्यासारखा डोळा या डेल्ट्यात दुसरा नाही." तो घुटमळला. "एक लहानसं काम होतं. रागावणार नाही ना?"

"बोल अब्बुलू. निर्धास्त बोल."

"शनिवारी देवळातून येताना घाईघाईत कुणाच्या तरी दुसऱ्याच चपला घालून आलो हो. मोठ्या होतात, चालताना वाजतात, लोक हसतात." त्याने डावा पाय पुढे केला. अंगठ्यापाशी हिरवा दोरा होता. "तेवढं या कुणाच्या आहेत, जरा शोधून द्याल?"